‘मार्फत’चा पत्ता : फोनवरचे सूचनाफलक इंटरनेटशी कसे जोडले गेले

आज आपल्या वस्तीतील दहावी-बारावीचा विद्यार्थी खिशातून मोबाईल काढतो आणि क्षणार्धात जगातल्या एखाद्या ग्रंथालयात जाऊन पोहोचतो. इंटरनेट हे नळाच्या पाण्यासारखे पूर्वीपासूनच घरोघरी होते, असे त्याला वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. साधारणपणे १९७८ ते १९९५ या काळात सामान्य माणसाजवळ फार तर एक स्वस्त संगणक आणि एक टेलिफोन असे. इंटरनेट मात्र विद्यापीठे, संशोधन संस्था आणि सरकारी खाती यांच्या भिंतीआड होते. या भिंतीला दार कसे पडले, ते कोणी उघडे ठेवले आणि त्यातून काय आत-बाहेर गेले, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. कला शाखेतून शिकून बँकेच्या काउंटरवर बसणारे आहोत. त्यामुळे हा विषय सोपा करून घेण्याची गरज प्रथम आम्हालाच होती.

फोनवरचा फळा

वाचनालयाच्या दाराशी लाकडी फळा असतो. सभेची सूचना, हरवले-सापडले, नोकरीची जाहिरात त्यावर लागते. ‘बुलेटिन बोर्ड’ म्हणजे असाच फळा, पण संगणकातला. जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहर मोठ्या हिमवादळात सापडले. त्या दिवसांत वॉर्ड क्रिस्टेन्सेन आणि रँडी सूस या दोघा संगणकप्रेमींनी आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी असा फलक तयार करण्याचे मनावर घेतले आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सुरू झाला. बाहेरच्या माणसांना फोन करून वापरता येईल असा हा पहिला संगणकी फलक मानला जातो.

त्याची रीत अशी. फलकाचा संगणक चालकाच्या घरी टेलिफोनला जोडलेला असे. वापरणारा आपल्या घरून त्या क्रमांकाला फोन लावी. दोन्ही टोकांना ‘मोडेम’ नावाची पेटी असे. संगणकाच्या खुणांचे आवाजात आणि आवाजाचे पुन्हा खुणांत रूपांतर करणे हे तिचे काम. कारण टेलिफोनच्या तारेला त्या काळी फक्त आवाजच कळत असे. सुरुवातीचा वेग सेकंदाला ३०० बिट होता. एका अक्षरास साधारण १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे. दोन हजार अक्षरांचे एक इंग्रजी पान यायला मिनिटाहून जास्त वेळ लागे. पुढे २,४०० बिटचे मोडेम आले तेव्हा तेच पान आठ-नऊ सेकंदांत येऊ लागले.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, एका टेलिफोन लाइनवर एका वेळी एकच माणूस. बाकीच्यांना एंगेज टोन. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, वापरणाऱ्याचा संगणक त्या फलकाचा नुसता पडदा आणि कळफलक बनत असे. त्याला स्वतःचा असा काही पत्ता नसे. फोन खाली ठेवला की तो जगाच्या हिशेबी नाहीसा होई.

फलकाला फलक

प्रत्येक फलक आपापल्या गावापुरता होता, कारण परगावचा फोन महाग. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे टॉम जेनिंग्ज यांनी यावर तोड काढली. त्यांच्या ‘फिडो’ या प्रणालीतील फलक रात्री, फोनचे दर उतरल्यावर, एकमेकांना आपोआप फोन लावीत आणि दिवसभर साठलेली पत्रे देऊन-घेऊन मोकळे होत. त्यातून ‘फिडोनेट’ उभे राहिले.

बँकेतील मंडळींना यात नवे काही वाटणार नाही. दुसऱ्या बँकांचे धनादेश पूर्वी आपण एकेक करून पोहोचवीत नसू. ते गोळा होत, त्यांचे गठ्ठे बांधले जात आणि ठरल्या वेळी क्लिअरिंग हाउसमध्ये अदलाबदल होई. फिडोनेटमध्येही रोजचा एक तास टपालासाठी राखलेला असे. त्या वेळी प्रत्येक फलकाने आपली लाइन मोकळी ठेवावी हा नियम होता. प्रत्येक फलकाला क्रमांक होता : आधी खंडाचा विभाग, मग त्यातील जाळे, मग फलक. विभाग १ उत्तर अमेरिका, २ युरोप, ५ आफ्रिका, ६ आशिया. सर्व फलकांची यादी दर आठवड्याला नवी निघे. हे सारे चालवणारे बहुतेक लोक पगारी नव्हते. फोनचे बिल ते पदरचे भरीत, क्वचित सभासदांकडून थोडी वर्गणी घेत.

दोन जगे, दोन पत्ते

इकडे इंटरनेट वेगळ्या पायावर उभे होते. तेथील संगणक भाड्याच्या कायम तारांनी रात्रंदिवस जोडलेले असत. अमेरिकेतील त्याचा मुख्य कणा, एनएसएफनेट, १९९५ मध्ये बंद होईपर्यंत शिक्षण आणि संशोधन यांच्यासाठीच राखलेला होता. विद्यापीठाच्या आत जो होता त्याला ईमेल, चर्चागट, दूरच्या संगणकातील फाइली सगळे मिळे. बाहेर जो होता त्याला काहीच नाही.

या दोहोंच्या मध्ये जे उभे राहिले त्याला ‘गेटवे’ म्हणतात. आपण त्याला प्रवेशद्वार म्हणू. ज्याच्या संगणकाला एका बाजूने फिडोनेटचे आणि दुसऱ्या बाजूने इंटरनेटचे टपाल येई, असा कोणीतरी मधला माणूस दोन्हीकडची पत्रे एकमेकांच्या भाषेत उतरवून पुढे पाठवी.

येथे एक जुना मराठी शब्द आमच्या मदतीला येतो : ‘मार्फत’. गावाकडून मुंबईला आलेल्या कामगाराला स्वतःचे घर नसे. त्याचे पत्र खानावळवाल्याच्या किंवा चाळीतील ओळखीच्या गृहस्थाच्या ‘मार्फत’ येई. पत्र मिळे, पण मधल्या माणसाच्या हातून. फलकावरच्या माणसाला इंटरनेटवर मिळालेला पत्ता अगदी असाच होता. त्याचा फिडोनेटमधील क्रमांक उलटा करून इंटरनेटच्या धर्तीवर लिहिला जाई : आधी नाव, मग फलक, मग जाळे, मग विभाग आणि शेवटी ‘फिडोनेट डॉट ऑर्ग’. आपण पाकिटावर नाव, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो, तसेच ते. ‘फिडोनेट डॉट ऑर्ग’ या नावाची पत्रे कोणत्या प्रवेशद्वाराकडे सोपवायची, हे इंटरनेटच्या नाव-नोंदणीत लिहून ठेवलेले असे. त्यामुळे विद्यापीठातील प्राध्यापकाला फिडोनेटची काहीही माहिती नसली तरी त्याचे पत्र एखाद्या खोलीतील जुन्या संगणकावर बरोबर जाऊन पडे.

दाराशी चालणारे काम

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. त्यातील तीन अडचणी विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली, पत्त्याची जागा. फिडोनेटच्या पत्रात नावासाठी जेमतेम ३५ अक्षरांची जागा होती. इंटरनेटचे लांब पत्ते त्यात मावत नसत. मग पत्र प्रवेशद्वाराच्या नावे पाठवायचे आणि मजकुराच्या पहिल्याच ओळीत खरा पत्ता लिहायचा, अशी युक्ती निघाली. म्हणजे पाकिटावर पोस्टमास्तरांचे नाव आणि आत चिठ्ठी, ‘हे अमक्याला द्यावे.’

दुसरी, फिरत राहणारी पत्रे. इंटरनेटवरील ‘यूजनेट’ चर्चागट आणि फिडोनेटवरील चर्चा एकमेकांना जोडल्या की एकच मजकूर एका दाराने आत येऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडे आणि पुन्हा पहिल्याने आत येई. यावर उपाय म्हणून प्रत्येक मजकुराला न बदलणारा ओळख-क्रमांक दिला जाई आणि तो कोठून कोठून आला त्या थांब्यांची यादी सोबत ठेवली जाई. जो प्रवेशद्वार-चालक ही यादी पुसून टाकी, तो दोन्ही जाळ्यांत गोंधळ उडवून देई. डाक-वहीत आवक-जावक क्रमांक का घालतात, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

तिसरी, अक्षरे. त्या काळच्या टपालात साध्या इंग्रजी अक्षरांखेरीज काही सुखरूप पोहोचेल याची हमी नसे. चित्र किंवा प्रोग्राम पाठवायचा तर त्याचे आधी इंग्रजी अक्षरांत रूपांतर करावे लागे. तीन बाइटची चार अक्षरे होत, म्हणजे आकार तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढे आणि तेवढे फोनचे बिलही वाढे. देवनागरीचा तर प्रश्नच नव्हता. परदेशांतील मराठी मंडळी यूजनेटवरील मराठी संस्कृतीविषयक चर्चागटात रोमन अक्षरांतच मराठी लिहीत.

एवढे असूनही टपालाच्या या एका दारातून पुष्कळ काही मिळवता येई. दूरच्या संगणकातील फाइल हवी असल्यास ठरावीक पत्त्यावर पत्र टाकून तिची मागणी करायची. ती अक्षरांत रूपांतरित होऊन, तुकड्या-तुकड्यांनी, पत्रांतून येत असे. पुढे वेबपानेसुद्धा अशी पत्राने मागवता येऊ लागली. उत्तर लगेच येत नसे. आज मागितले तर उद्या किंवा परवा. पण येत असे.

ऱ्होड्सहून पोर्टलंडला

या प्रवेशद्वारांनी खरे काय साधले हे पाहायचे तर आफ्रिकेकडे पाहावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट होती. जगाने तिच्यावर बहिष्कार टाकलेला होता आणि त्या देशाला आंतरराष्ट्रीय संगणक-जाळ्यांत रीतसर प्रवेश मिळणे अवघड होते. अशा वेळी ग्रॅहॅम्सटाउन (२०१८ पासून मखांडा) येथील ऱ्होड्स विद्यापीठातील माइक लॉरी, फ्रान्स्वा जॅको-गियार्मो आणि डेव्ह विल्सन यांनी फिडोनेटचा मार्ग धरला. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे राहणारे रँडी बुश यांनी आपल्या घरच्या संगणकावरून त्यांचे टपाल इंटरनेटकडे पोहोचवण्याचे मान्य केले. एका खंडातील विद्यापीठाचे ईमेल दुसऱ्या खंडातील एका माणसाच्या घरामार्फत जाऊ लागले. पुढे नोव्हेंबर १९९१ मध्ये याच दोन टोकांमध्ये कायमच्या तारेवरून दक्षिण आफ्रिकेची इंटरनेटशी थेट जोडणी झाली.

ऱ्होड्सच्या मंडळींनी हे दार स्वतःपुरते ठेवले नाही, ही गोष्ट आम्हाला अधिक मोलाची वाटते. लुसाका येथील झांबिया विद्यापीठाचे टपालही काही वर्षे फिडोनेटच्या रीतीने ऱ्होड्समधूनच आत-बाहेर होत होते. १९९४ मध्ये झांबियाने ‘झॅमनेट’द्वारे स्वतःची इंटरनेट जोडणी घेतली. लंडनच्या ‘ग्रीननेट’ या संस्थेत कॅरन बँक्स यांनी असेच एक प्रवेशद्वार सांभाळले आणि आफ्रिका, दक्षिण आशिया, पूर्व युरोप येथील सामाजिक संस्था त्यातून जगाशी बोलू लागल्या. दक्षिण आफ्रिकेतही, बहिष्काराच्या त्याच वर्षांत, ‘वर्कनेट’ नावाच्या फलकावर कामगार संघटना आणि मानवी हक्कांसाठी झगडणारे गट एकत्र आले होते. रँडी बुश यांना २०१२ मध्ये आणि कॅरन बँक्स यांना २०१३ मध्ये ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये मानाचे स्थान मिळाले. मधल्या माणसाचे काम सहसा दिसत नाही, म्हणून ही नोंद मुद्दाम केली.

तारा तुटल्यावर

दुसरे उदाहरण युगोस्लाव्हियाचे. १९९१ मध्ये तेथे युद्ध पेटले आणि झाग्रेब व बेलग्रेड या शहरांमधील टेलिफोन तुटले. एका देशातील नातेवाईक एका रात्रीत परदेशी झाले. दोन्ही शहरांतून बाहेरच्या देशांना फोन मात्र लागत असे. १९९२ मध्ये तेथील शांतता-कार्यकर्त्यांनी दोन्ही शहरांत सूचनाफलक उभे केले आणि ते जर्मनीतील बीलेफेल्ड येथील फलकामार्फत एकमेकांशी आणि जगाशी जोडले. या जाळ्याचे नाव ‘झामिर’, म्हणजे ‘शांतीसाठी’. पुढे वेढ्यात अडकलेल्या सारायेव्होतही त्याचा फलक सुरू झाला. समोरासमोरच्या शहरातील पत्र तिसऱ्या देशातून वळसा घालून जाई, पण जाई. शत्रू ठरवल्या गेलेल्या माणसाचा शब्द ऐकू येणे याला युद्धकाळात किती किंमत असते, हे वेगळे सांगायला नको.

‘मार्फत’ सोडून स्वतःच्या पत्त्याकडे

आतापर्यंत सांगितले ते पत्रांचे. माणूस स्वतः इंटरनेटवर जाणे ही पुढची पायरी. तिचेही दोन टप्पे होते.

पहिल्या टप्प्यात आपला फोन इंटरनेटवर असलेल्या एखाद्या मोठ्या संगणकाला लागे आणि आपण त्या संगणकाच्या आत बसून काम करू. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील टॉम ग्रंडनर यांनी १९८४ मध्ये एक फलक सुरू केला. त्यावर कोणीही आरोग्याचा प्रश्न लिहावा आणि डॉक्टरांनी उत्तर द्यावे. त्यातून १९८६ मध्ये ‘क्लीव्हलंड फ्री-नेट’ निघाले. शहरातील कोणाही माणसाने फोन लावावा, फी नाही, आणि पुढे त्याला इंटरनेटचा ईमेलही मिळावा. सार्वजनिक वाचनालयाचीच ही कल्पना, तारेवर आणलेली. १९९९ मध्ये ते बंद झाले.

या टप्प्यात आपण आत गेलो, पण दुसऱ्याच्या खोलीत. मागवलेली फाइल त्या मोठ्या संगणकात उतरे, आपल्या घरी नव्हे. दुसरा टप्पा ‘स्लिप’ आणि ‘पीपीपी’ या नियमपद्धतींचा. यांत टेलिफोनवरून अक्षरांऐवजी इंटरनेटची मूळ पाकिटेच पाठवली जातात आणि फोन चालू असेपर्यंत आपल्या घरच्या संगणकालाच इंटरनेटचा क्रमांक मिळतो. तार तीच, मोडेम तोच, वेगही तोच. बदलला तो फक्त दर्जा. काल जो पडदा होता तो आज त्या जाळ्याचा सभासद झाला. चित्रांसह वेबपाने घरी दिसू लागली ती यामुळे.

आपल्याकडे

भारतात १९८६ पासून ‘अर्नेट’ने शिक्षणसंस्था जोडायला सुरुवात केली. मुंबईत जुहूचे एनसीएसटी आणि पवईचे आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनवरूनच ईमेल जाऊ लागले. सामान्यांसाठी मुंबईत ‘लाइव्ह वायर’, बंगलोरमध्ये अतुल चिटणीस यांचा ‘सीआयएक्स’ असे हौशी फलक होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. तेव्हा वर सांगितलेले दोन्ही टप्पे दोन प्रकारच्या खात्यांच्या रूपाने आपल्याकडे आले : नुसत्या अक्षरांचे ‘शेल’ खाते स्वस्त, तर स्वतःचा क्रमांक देणारे ‘टीसीपी-आयपी’ खाते महाग. पत्त्याचा दर्जाही पैशाने ठरत होता. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि पुढे हा भेद मागे पडला.

जोडणी स्वस्त होताच फलक ओस पडले. थोडे हौशी लोक ते अजून चालवतात, पण त्यांचा काळ संपला. मग ही माहिती आज कशाला, असे कोणी विचारील.

आमचे उत्तर असे. ‘मार्फत’ हा शब्द अजून संपलेला नाही. फलकाच्या चालकाला आपल्या संगणकावरून जाणारी पत्रे वाचता येत असत. वाचू नयेत ही त्याची सभ्यता, कुलूप नव्हे. त्याने फलक बंद केला की आपला पत्ताही गेला. आजही आपला ईमेल, आपले फोटो, आपली ओळख कोणत्या ना कोणत्या कंपनीच्या मार्फतच आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी कोणतीही सेवा घेताना तीन प्रश्न विचारावेत. माझे पत्र मधल्या माणसाला वाचता येते का? ही सेवा उद्या बंद झाली तर माझे कागद मला परत मिळतील का? आणि हा पत्ता माझा आहे की मला राहू दिले आहे?

आणि ज्यांना आधी दार सापडले आहे त्यांच्यासाठी ऱ्होड्सची मंडळी आहेत. पोर्टलंडच्या एका घरातून त्यांना वाट मिळाली, ती त्यांनी लुसाकापर्यंत नेली. आपल्या संस्थेत ज्यांना संगणक येतो, ऑनलाइन अर्ज भरता येतो, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ कळते, त्यांनी आठवड्यातील एक तास दुसऱ्यासाठी मोकळा ठेवावा. फिडोनेटचे फलक तर तो रोज ठेवीत असत. मात्र त्या तासात अर्ज भरून देऊ नये, भरायला शिकवावा. मार्फत आलेल्याला त्याचा स्वतःचा पत्ता मिळेपर्यंतच आपले काम.